मोठ्या बायांनी मातीत का खेळायचं?

आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काहीच बोलणार नाही. आज मातीबद्दल बोलायचं आहे, म्हणजे हातात घेऊन वळायच्या मातीबद्दल. आमच्या काही गटांत वर्षातून दोन-तीनदा मातीची दुपार होते. पंधरा-वीस बाया, एक ताडपत्री, घमेलंभर मळलेली माती आणि तीन तास. चाक नाही, साचा नाही. ज्याला जे सुचेल ते हातानं करायचं.

नवीन गटात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, ह्यातून मिळणार काय?" दुसरा प्रश्न घरून येतो. "आता या वयात भातुकली खेळणार का?" पहिल्याचं उत्तर मी सरळ देते, पैसे मिळणार नाहीत. दुसऱ्याचं उत्तर, हो, तेच करायचं आहे. आपल्याला शिवणकाम शिकवलं, पापड-लोणची शिकवली, शेळीपालन शिकवलं. सगळं कामाचं होतं. पण हाताला जे करावंसं वाटतं ते करून बघायला, बिघडलं तर हसायला, बाईमाणसाला वेळ कोण देतं? बेंदराचे बैल करायला मुलांना माती देतो, दिवाळीत किल्ला करायला देतो. आपण नागपंचमीचा नाग नाहीतर हरतालिकेची पिंड करायला बसलो तरच आपला हात चिखलात, आणि तेही देवासाठी.

"मला जमणार नाही" असं म्हणणाऱ्या बाईला मी एवढंच विचारते, कडबोळी येतात का? मातीकामाचे हातानं करायचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि तिन्ही आपल्या स्वयंपाकघरातले आहेत. एक, गोळा तळहातावर घेऊन मधोमध अंगठा रोवायचा आणि फिरवत फिरवत चिमटीनं कडा वर काढायची. मोदकाची पारी करतो ना, तीच रीत. याची वाटी होते, पणती होते. दोन, कडबोळ्यासारखी लांब वळी करून एकावर एक वेटोळी रचायची आणि आतून बोटानं सारवून घ्यायची. चाकाशिवाय मोठं भांडं असंच उभं राहतं. तीन, भाकरीसारखी थापायची, सुरीनं कापायची आणि तुकडे जोडायचे. घर, पेटी, चूल याच रीतीनं करायची. भाकरीच्या हाताला जाडी सारखी कशी ठेवायची ते सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र स्वयंपाकात नाही, ती नीट ऐका. दोन तुकडे नुसते दाबून चिकटवले तर वाळताना सुटतात. बैलाची शिंगं हमखास गळतात ती याच कारणानं. दोन्ही बाजूंना काडीनं ओरखडे काढायचे, मध्ये दह्याइतकी पातळ केलेली माती लावायची, मग दाबायचं आणि सांधा बोटानं पुसून एकजीव करायचा.

आता माती कोणती घ्यायची? रानातली काळी माती दिसायला छान, चिकटही असते, पण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यातलं आपलं रान आठवा. गणपतीची शाडू मऊ असते, हाताला गुळगुळीत लागते, पण विकत आणावी लागते. सगळ्यात चांगली कुंभाराकडची. नाहीतर तळ्याचा गाळ आणा, वाळवा, कुटा, चाळा, रात्रभर भिजत घाला आणि दुसऱ्या दिवशी कणकेसारखा मळा. पारख सोपी आहे. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. तडकली तर माती कोरडी आहे किंवा तिच्यात चिकटपणा कमी आहे, हाताला लडबडली तर पाणी जास्त झालं. फार भेगाळत असेल तर थोडी बारीक चाळलेली वाळू मिसळा. काचेचे तुकडे, काटे चाळणीत निघतातच, तरी हाताला जखम असेल त्या बाईनं त्या दिवशी माती मळू नये. आणि काम झाल्यावर जागा कोरडी झाडू नका, ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

दुपारीचे आमचे नियम थोडे आहेत. स्पर्धा नाही, नंबर नाही, "हे काय केलंस?" असं विचारायचं नाही. आणि पहिला अर्धा तास सगळ्यांनी डोळे मिटून गोळ्याला आकार द्यायचा. हे फार कामाचं आहे. डोळे उघडल्यावर सगळ्यांचंच वेडंवाकडं निघतं, हशा पिकतो, आणि ज्या बाईला सुबक येत नाही तिची भीती तिथंच जाते.

आणखी एक, मला महत्त्वाचं वाटतं ते. गावात बाया एकत्र बसतात त्या एक तर बचतीच्या बैठकीला नाहीतर हळदीकुंकवाला. हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, हे अजून पुष्कळ ठिकाणी चालतं. मातीच्या घमेल्याभोवती ते चालत नाही. सवाष्ण, विधवा, टाकलेली, लेकुरवाळी, सगळ्यांचे हात सारखेच माखलेले असतात.

एका गटातल्या मावशी बैठकीत सहीपुरतं बोलायच्या. मातीच्या दुपारी त्यांनी घर केलं. ओटा, उंबरा, गोठा, दाराशी रांजण. शेजारणीनं विचारलं, कोणाचं? म्हणाल्या, माझ्या आईचं, उजनीच्या पाण्यात गेलं. मग तासभर त्या गावातली एकेक आळी सांगत होत्या. दहा वर्षं एका गटात असून आम्हाला हे माहीत नव्हतं. फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाल्या. उठताना घराचा गोळा केला आणि घमेल्यात टाकला.

म्हणून केलेली वस्तू ठेवलीच पाहिजे, भाजलीच पाहिजे, असं काही नाही. कच्ची माती कितीही वाळली तरी पाण्यात टाकली की परत माती होते. एकदा भाजली की होत नाही. कच्ची टिकत नाही असंही समजू नका. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत कच्च्या मातीची बाईची मूर्ती सापडली, सोबत बैलही सापडला. पुरून ठेवली म्हणून राहिली. आपल्या घरात मात्र ती पावसाळ्यात कपाटावरच ठेवा.

भाजायचीच असेल तर दोन गोष्टी सांभाळा. भिंत करंगळीपेक्षा जाड नको, आणि बैलाचं पोट जाड असेल तर खालून कोरून पोकळ करा. सावलीत आठ-दहा दिवस वाळवा. वस्तू गालाला लावून बघा, गार लागली तर आत अजून ओल आहे. अशी वस्तू भट्टीत गेली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुटते, शेजारच्या दोन घेऊन फुटते. म्हणून कुंभारदादा नाही म्हणाले तर हट्ट धरू नका, त्या भट्टीत त्यांचाही माल असतो.

आणि हो, "पणत्या करून दिवाळीत विकू" हा ठराव दरवर्षी येतो. मी विरोध करते. गावात ज्या घराची दिवाळी पणत्यांवर आणि संक्रांत सुगडांवर चालते, त्यांच्या पोटावर आपण हौसेनं पाय देऊ नये. उलट गटानं मातीचे पैसे त्यांना द्यावेत, आणि त्या घरातल्या बाईला दुपारी बोलवावं. वस्तू चाकावर चढायच्या आधीचं मळण्या-चाळण्याचं बरंचसं काम तीच करते, पण कुंभार म्हणून नाव पुरुषाचं असतं.

उरलेली माती ओल्या गोणपाटात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली की महिनाभर मऊ राहते. पंधरा जणींना पंचवीस किलो पुरे होते. बेंदराच्या आधी ज्या गटांना दुपार ठेवायची आहे त्यांनी येत्या बैठकीत दिवस ठरवा आणि माती आठ दिवस आधी सांगून ठेवा. ऐनवेळी गेलात तर बैलांच्या गडबडीत कुंभारवाड्यात कोणाला बोलायलाही सवड नसते.