पिसाळली नव्हती ती!

आमची चंपी चणीने लहान. गेल्या पावसाळ्यात ती व्याली. पाच पिल्ले झाली. अठराव्या दिवशी सकाळी ती धापा टाकू लागली. पाय ताठ झाले, अंग थरथरू लागले, तोंडातून लाळ गळू लागली. शेजारचे काका काठी घेऊन आले. "पिसाळली ही!" मीही मागे सरलो. आई मात्र म्हणाली, "आधी डॉक्टरांना दाखवू."

गुरांच्या दवाखान्यात ताप भरला १०६ अंश! कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. पिल्लांची चौकशी करून डॉक्टरांनी निदान केले : रक्तातील कॅल्शियम घटले आहे. विण्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत, विशेषतः लहान चणीच्या व पुष्कळ पिल्ले असलेल्या कुत्रीला हा विकार जडतो. दुधावाटे कॅल्शियम जाते. हाडांतून ते तितक्या वेगाने रक्तात येत नाही. मग स्नायू आखडतात, झटके येतात. उपचाराला उशीर झाला तर मृत्यू ओढवतो.

डॉक्टरांनी हृदयाचे ठोके ऐकत, शिरेतून अगदी सावकाश कॅल्शियम दिले. घाई केल्यास हृदयच बंद पडू शकते. हळूहळू थरथर थांबली. पिल्लांना दिवसभर आम्ही बाटलीने दूध पाजले.

"गाभण असताना मी तिला रोज कॅल्शियमच्या गोळ्या देत होतो," मी अभिमानाने सांगितले.

"तिथंच चुकलं," डॉक्टर म्हणाले. "आयतं मिळालं, की हाडांतून कॅल्शियम काढायला लावणारी ग्रंथी सुस्तावते."

माझ्यापाशी माया होती, ज्ञान नव्हते. मित्रहो, व्यालेली कुत्री थरथरताना दिसली, तर जपून वागा. पण काठी नको, डॉक्टर शोधा.