लेन्सच्या अलीकडे

गांधीजींचा तो चरख्याजवळचा फोटो आठवा. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी १९४६ मध्ये ‘लाइफ’साठी काढलेला. त्यात गांधीजी काय करताहेत, असं कुणालाही विचारलं तर ‘सूत कातताहेत’ असंच उत्तर मिळतं. प्रत्यक्षात ते वाचताहेत. हातात कागद आहेत, नजर कागदांवर आहे आणि चरखा पुढ्यात नुसता उभा आहे. फोटो काढण्याआधी बाईंना सूतकताई शिकावी लागली होती. ती अट गांधीजींच्या माणसांची. मग त्यांनी चरखा असा पुढे घेतला की त्याने अर्धी चौकट व्यापली. उरलेलं काम आपण केलं, आणि वाचणाऱ्या माणसाला मनातल्या मनात कातायला बसवलं.

फोटो खोटं बोलत नाही, असा समज कॅमेऱ्याबरोबरच आपल्याकडे आला. आला तोही झपाट्याने. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात कॅमेरे विक्रीला असल्याची जाहिरात छापून आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्या पहिल्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्षभरातच फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. म्हणजे आपली माणसं जवळजवळ पहिल्या दिवसापासून कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना होती. ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

त्याच मुंबईतल्या छायाचित्रकार विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले. विषय, मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमाती. पहिला खंड गुजरात, कच्छ, काठेवाडचा, दुसरा महाराष्ट्राचा. चित्रं बारकाईने पाहिली की पायांजवळ काहीतरी खटकतं. सावल्या जुळत नाहीत, माणसं जमिनीवर टेकलेली वाटत नाहीत. कारण ती तिथे उभीच नव्हती. माणसांचे फोटो एकीकडे काढले, मुंबईतल्या इमारतींचे आणि रस्त्यांचे दुसरीकडे, आणि दोन्ही कापून जोडले. जॉन्सनची बाजूही सांगायला हवी. तेव्हाच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर प्रतिमा उमटायला काही सेकंद लागत. भर रस्त्यात माणसांचा गट तेवढा वेळ निश्चल उभा करणं महाकठीण. पण अडचण तांत्रिक असली तरी तिच्यावरचा उपाय नजरेतूनच आला. या माणसांकडे तो ‘नमुने’ म्हणून पाहत होता. नमुना कुठल्याही पार्श्वभूमीवर चिकटवता येतो. खाली जातीचं नाव आहे, माणसाचं नाही.

हेच काम सरकारने मोठ्या प्रमाणावर केलं. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले. १८५७ चा हादरा ताजा होता, आणि राज्य करायचं तर रयत ओळखू यायला हवी होती. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला गेले तेव्हा इंडिया ऑफिसात त्यांनी हे पुस्तक पाहिलं. त्यांचा मुलगा पानं उलटत असताना एका तरुण इंग्रजाने त्याला विचारलं, तुम्ही हिंदुस्थानी का? मुलाने होकार दिला आणि घाईघाईने पुस्ती जोडली, की आपले पूर्वज बाहेरून आलेले आहेत. सर सय्यद हे लिहून गेले म्हणून कळतं. साम्राज्याच्या कॅमेऱ्यावर पुढे ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, पण ती घाईची पुस्ती त्या सगळ्यांहून बोलकी आहे. शेजारी दुसरा कुणी उभा असताना आपलाच फोटो त्याच्या नजरेने पाहावा लागणं, हे त्या मुलाच्या वाट्याला आलं.

पैसे मोजून स्टुडिओत जाणाऱ्याची तऱ्हा वेगळी होती. हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी मुंबईतही स्टुडिओ थाटला, आणि हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी खास विभाग काढून तो एका इंग्रज बाईंकडे सोपवला. गिऱ्हाइकाला हवं तसं दिसायचं असे. मागे रंगवलेला महाल, हातात पुस्तक, मनगटावरचं घड्याळ दिसेल असा हात. लग्नासाठी मुलीचा फोटो काढला की निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून रंग उजळ करणारा ‘टचिंग’वाला तर गावोगाव होता. परक्याने आपल्याला नमुना केलं म्हणून आपण चिडतो. घरच्या मुलीला गोरी करून पाठवताना मात्र आपल्या नजरेला काही खटकलं नाही.

होमाई व्यारावाला यांच्यापाशी मी जरा जास्त थांबतो. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, जे. जे.त. सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून आले ते पती माणेकशा यांच्या नावाने. पुढे दिल्लीत त्यांनी सत्तांतराचा सारा काळ टिपला, पण त्यांचे मला आवडणारे फोटो समारंभांचे नाहीत. सिगारेट ओठांत धरून एका परदेशी अधिकाऱ्याच्या पत्नीची सिगारेट पेटवून देणारे नेहरू त्यांनी टिपले. बाकीचे पंतप्रधान पाहत होते, होमाईंना माणूस दिसला. साडीतल्या या बाईंना सुरुवातीला कुणी फारसं गंभीरपणे घेतलं नाही, आणि त्याचा त्यांना फायदाच झाला. लोक त्यांच्यासमोर सावध होत नसत. ३० जानेवारी १९४८ ला, गांधीहत्येच्या संध्याकाळी, त्या बिर्ला भवनाकडे निघाल्या होत्या, पण पतीने परत बोलावल्यामुळे पोहोचल्या नाहीत. त्याची रुखरुख आयुष्यभर राहिली. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांची धसमुसळी रीत त्यांना रुचेना. पद्मविभूषण मिळाला २०११ मध्ये, म्हणजे निधनाच्या जेमतेम वर्षभर आधी.

नंतरचा मोठा वाद रंगांचा. छायाचित्रकार रघुबीर सिंग आग्रहाने म्हणत, की भारत रंगांतच पाहायला हवा, कृष्णधवल ही पाश्चात्त्यांच्या मनोवृत्तीतून आलेली दृष्टी आहे. त्यांचे फोटो पाहताना हे पटतं. पुस्तक मिटलं की शंका येते. डिसेंबर १९८४ मध्ये वायुदुर्घटनेनंतर भोपाळला एका अनोळखी बाळाला मातीत पुरताना दोन छायाचित्रकारांनी टिपलं. पाब्लो बार्थोलोम्यू यांचा फोटो रंगीत, रघू राय यांचा कृष्णधवल. तेच बाळ, तीच माती, तेच उघडे डोळे. रंगीत फोटोला त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मला रंगीत फोटोत ती सकाळ दिसते, ते गाव दिसतं. कृष्णधवल फोटोत फक्त ते बाळ उरतं. कुठला खरा, हा प्रश्नच मला निरर्थक वाटतो.

जॉन्सनच्या खंडांना मुंबईतूनच उत्तर मिळालं, पण त्याला सव्वाशेहून अधिक वर्षं जावी लागली. अकोल्याकडून आलेल्या सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले: गटारात उतरलेली माणसं, कचऱ्याच्या गाडीवरची माणसं आणि त्यांची घरं. हे कामगार बहुतांशी दलित. म्हणजे एकाच जातवर्गाचे फोटो काढण्याचंच हे काम, तरी इथे कुणी नमुना नाही. त्या माणसांच्या पायांखाली खरी जमीन आहे, खरी घाण आहे आणि सावल्याही जुळतात. तिकडे कणकवलीचे इंद्रजित खांबे दशावतारी कलावंतांना मोबाइलवर टिपतात, तेव्हा तोंडाला रंग फासताना ती माणसं कॅमेऱ्याला बुजलेली दिसत नाहीत. यंत्र खिशातलं असलं तरी ओळख जुनी आहे.

अर्थात यंत्रही निष्पाप नाही. अनेक दशकं रंगीत फिल्मचा समतोल गोऱ्या कातडीवर बेतला जाई. प्रयोगशाळांत त्यासाठी गोऱ्या बाईचं छायाचित्र असलेलं पत्रक असे. सावळ्या माणसाचा चेहरा काळवंडून जाई आणि दोष त्याच्या रंगाला मिळे. आता फोन आपणहून चेहरा उजळतो, आकाश निळं करतो, सुरकुत्या पुसतो. टचिंगवाल्याला निदान सांगावं तरी लागे.

तेव्हा एक करा. घरातले जुने फोटो काढले की मागे कोण कोण आहे ते आपण लिहितो. तो काढला कुणी, हेही लिहून ठेवा: काकांनी, स्टुडिओवाल्याने, की शाळेतून आलेल्या बाईंनी. आणि फोनमधली चेहरा उजळणारी सोय आजच बंद करून टाका.