जाळ्याजवळचा जोडीदार

संध्याकाळच्या वेळी एखाद्या जिमखान्याच्या कोर्टावर टेनिसचा दुहेरी सामना पाहावयास गेले, की एक दृश्य हमखास आढळते. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार जाळ्याजवळ पहारेकऱ्यासारखा उभा असतो, चेंडू त्याच्यासमोरून तिरपे जातात-येतात, आणि गुणाचा निकाल त्याच्यावाचूनच लागतो. पुष्कळदा हा गडी दोघांतला कच्चा असतो. म्हणूनच त्याला तेथे उभे करून 'जागा सोडू नकोस' अशी ताकीद दिलेली असते. दुहेरीच्या खेळाचे सर्वांत मोठे नुकसान या ताकिदीनेच होते.

टप्पा पडण्यापूर्वीच चेंडू परतविणे, म्हणजे व्हॉली, हे जाळ्याजवळच्या खेळाडूचे मुख्य काम. मागची रेषा जाळ्यापासून 39 फुटांवर असते. खेळाडू जाळ्यापासून 8 फुटांवर उभा असेल, तर ताशी 60 मैलांच्या वेगाने येणारा चेंडू त्याच्यापाशी सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. एवढ्या अवधीत रॅकेट मागे नेण्यास सवड कोठली? म्हणून पहिला सराव भिंतीचा. खेळाडूने भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहावे आणि जोडीदाराने समोरून हातानेच चेंडू टाकावेत. रॅकेट मागे गेली की भिंतीला लागते, व चूक दाखविण्यास शिक्षक लागत नाही. (रॅकेट जुनी घ्यावी, हे बरे.) एक पाऊल पुढे टाकून, मनगट घट्ट ठेवून चेंडू केवळ अडवावयाचा. उजवीकडे 20, डावीकडे 20 एवढे पुरेत. नवशिक्याला चेंडू अगदी हळू टाकावेत. एकदा तो तोंडावर बसला, की मनातली धास्ती लवकर जात नाही.

हातानंतर पाय. दुहेरीचे कोर्ट 36 फूट रुंद असते. दोघांनी जाळ्याजवळ उभे राहून 12 फुटांच्या दोरीची टोके मोकळ्या हातांत धरावी व तिसऱ्याने चेंडू कधी कडेला, कधी मध्ये टाकावेत. एक जण कडेकडे सरकला की दोरी ताणते आणि दुसऱ्याला मध्याकडे यावेच लागते. दोरी कमरेला मात्र बांधू नये. जाळे खांबांपाशी साडेतीन फूट आणि मध्ये 3 फूट उंच असते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोपी वाट मधलीच, आणि 'तुझा, तुझा' म्हणत दोघांनी सोडलेले चेंडूही बहुधा तेथलेच.

खरी कसोटी पुढेच आहे. प्रतिस्पर्ध्याने तिरपा परतविलेला चेंडू मध्ये झेपावून टिपणे, हीच जागा सोडण्याची कला. पहिले 10 चेंडू परतविणाऱ्याने तिरपेच मारावेत, आणि जाळ्याजवळच्याने दर वेळी निघालेच पाहिजे. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूकडे येऊ लागली, की निघावे. आधी निघाले तर तो पाहतो, नंतर निघाले तर चेंडू गेलेला असतो. धाव जाळ्याला समांतर नको, तिरपी व जाळ्याच्या दिशेने हवी. आणि सर्व्हिस करणाऱ्याने रिकामी झालेली बाजू तत्काळ सांभाळावी. पुढच्या 10 चेंडूंना पाठीमागे हाताची खूण करावी : मूठ म्हणजे थांबणार, उघडा पंजा म्हणजे निघणार. शेवटच्या 10 चेंडूंत प्रतिस्पर्धी मोकळा. मग काही चेंडू कडेच्या साडेचार फुटी पट्टीतून सरळ निघून जातात, मागचा जोडीदार कपाळाला आठ्या घालतो, आणि पुढचा पुन्हा खांबासारखा उभा राहतो. सराव मोडतो तो येथेच. गेलेले गुण दिसतात, मिळालेले विसरतात. म्हणून दोन्हींचा हिशेब कागदावर मांडावा. ज्याच्या बाजूने कधीच चेंडू गेला नाही, तो बहुधा कधी हललाच नसतो.

1999 साली लिअँडर पेस व महेश भूपती यांनी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांत पुरुष दुहेरीची अंतिम फेरी गाठली आणि पॅरिस व विम्बल्डन येथील विजेतेपदे मिळविली. गोमंतकीय कुळातल्या पेसची कीर्ती मुख्यतः जाळ्याजवळच्या चपळाईची. त्याची सर्व्हिस परतविणाऱ्याला चेंडूइतकीच त्याची धास्ती असे.

अखेरीस उंच चेंडूंचा सराव. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूसाठी उलट पावली मागे जाऊ नये, पडण्याचा धोका असतो; खांदा वळवून तिरपे धावावे, आणि चेंडू आपल्या आवाक्यातला नसेल तर तत्क्षणी 'तुझा' अशी हाक द्यावी. हा सराव सूर्य डोळ्यांवर येणार नाही अशा बाजूने करावा.