२५ तोळ्यांचं एक नाणं!

वाराणसीच्या नदेसर भागात ‘मिंट हाऊस’ हे नाव आजही ऐकू येतं. मिंट म्हणजे टांकसाळ. या शहरात ईस्ट इंडिया कंपनी रुपये पाडायची, पण त्यावर नाव असायचं दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं! पुढे ब्राह्मी लिपी वाचणारा जेम्स प्रिन्सेप १८२० ते १८३० या काळात इथेच चांदीचा कस तपासायचा.

असा जुना रुपया साधारण तोळाभराचा. नीट पाहिलंत तर त्यावरची अक्षरं कडेला तुटलेली दिसतील. कारण ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान. मात्र बादशहाला किंवा राजाला नजर करायचं नाणं असेल, तर चकती मुद्दाम रुंद घ्यायचे, म्हणजे पूर्ण मजकूर उमटायचा. हा नजराणा रुपया. तो घेऊन कोणी बाजारात भाजी आणायला जात नसे!

आपल्याकडे असं खास नाणं प्रजेकडून राजाकडे जायचं. जर्मनीत एका ड्यूकने मात्र ते प्रजेच्या गळ्यात मारलं. हार्ट्झ डोंगरात चांदीच्या खाणी होत्या आणि त्यांतली चांदी ब्राउनश्वाइगच्या ड्यूक युलियुसकडे यायची. १५७४ मध्ये त्याने ‘ल्योझर’ नावाची प्रचंड नाणी पाडली. सगळ्यात मोठं दहा थाळरचं, म्हणजे जवळजवळ २५ तोळे चांदी! प्रजेने ऐपतीप्रमाणे ती विकत घ्यायची, घरात जपायची आणि अधिकाऱ्याने मागितली की काढून दाखवायची. राज्यावर संकट आलं तर परत द्यायची.

ऐकायला बचत योजना वाटते ना? मला तर हा कराचाच प्रकार वाटतो. पैसे तुमचे, कपाट तुमचं, पण चावी ड्यूकच्या हातात. तुमच्या लक्ष्मीपूजनाच्या नाण्याची अशी दरवर्षी तपासणी झाली तर?

त्याच्या वारसांनी सतराव्या शतकात ही नाणी फार देखणी केली. काहींवर अख्खी खाण दिसते: जमिनीखाली खोदणारे कामगार, वर चाक फिरवणारे घोडे आणि ढगातून बाहेर आलेला हात. खाणीत राबणाऱ्या माणसांना नाण्यावर जागा मिळाली, हे मला सगळ्यात आवडलं.

एक गंमत आहे. एकाच ठशाने जाड आणि पातळ अशी दोन्ही नाणी पाडत. मग किंमत कशी कळणार? नाणं तयार झाल्यावर त्यावर २, ३ किंवा ४ असा छोटा आकडा वेगळा ठोकायचे. संग्रहालयात कधी ल्योझर दिसलं, तर आधी तो आकडा शोधा.