आधी पाठ, मग नाक

रविवारी सकाळी जाफर गेटच्या आठवडी बाजारात मेथी विकणाऱ्या एका बाईचं चित्र काढायला बसलो होतो. दहा मिनिटं नाकावर घालवली, मग डोळे, मग कुंकू. चेहरा नीटनेटका झाला, पण तो कुणाचाही असू शकला असता. तेवढ्यात जुड्या संपल्या. बाई कमरेवर हात देऊन उठली, पाठ जरा मागे टाकली आणि रिकामी पाटी काखेत मारली. मी घाईघाईत दोन-तीन रेघा ओढल्या, आणि त्या रेघांत ती पुरती सापडली. तिनं वहीत डोकावून पाहिलं. ‘पाटी माझीच हाय,’ म्हणाली, ‘पण नाक कुठं गेलं?’

हौशी व्यंगचित्रकारांचं दुखणं नेमकं याच्या उलटं असतं. आमच्या वह्यांत नाकं असतात, माणसं नसतात. आपण चेहऱ्यापासून सुरुवात करतो, त्यावर जीव ओततो आणि धड नंतर खुंटीवर सदरा अडकवावा तसं खाली अडकवतो. माझ्या जुन्या वह्या चाळल्या तर सगळी माणसं डावीकडे बघताना दिसतात, कारण उजव्या हाताला तेच सोपं पडतं. आणि सगळ्यांचे हात खिशात! हात काढता येत नाहीत म्हणून खिसे, पाय जमत नाहीत म्हणून कमरेखाली टेबल. या पळवाटांची पुढे शैली होऊन बसते आणि आपण तिच्यावर खूशही असतो.

गंमत म्हणजे शाळेत आपल्याला याचं औषध मिळालेलं असतं. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षेतलं ‘स्मरणचित्र’ आठवा. बाजार, बसथांबा, नळावरची गर्दी अशा विषयांवर समोर काही नसताना माणसं काढायची. पण आपण ती पाहिलेलीच नसायची. पुस्तकातल्या तयार माणसांची घोकंपट्टी करून जायचो आणि हंडेवाल्या बाईला क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचं धड लागायचं. स्मरणचित्राला आधी स्मरण लागतं, आणि तो कष्टाचा भाग कागदाबाहेरचा असतो.

आर. के. लक्ष्मण लहानपणापासून कावळे काढत. त्यांना मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत प्रवेश नाकारला गेला होता, हे हौशी मंडळी एकमेकांना धीर द्यायला सांगतात. मला त्यापेक्षा कावळ्यांची गोष्ट कामाची वाटते. कावळ्याला भुवया नाहीत, ओठ नाहीत. त्याचा स्वभाव दाखवायचा तर मान किती तिरकी, पाय किती फाकलेले, पंख किती आवळलेले, एवढंच हाताशी उरतं. पुढे १९५१पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आलेला त्यांचा ‘कॉमन मॅन’ पाहा. चौकड्यांचा कोट, धोतर, टकलाच्या कडेला केसांचे झुबके. तो बोलत नाही, फार हातवारेही करत नाही. तरी गर्दीत, पाठमोरा, अंगठ्याएवढ्या आकारातही तो ओळखू येतो. सुरुवातीला लक्ष्मण चित्रात वेगवेगळ्या प्रांतांची माणसं भरत. रोजच्या वेळेच्या रेट्यात ती एकेक गळत गेली आणि हा एक उरला. पात्र घडवणं म्हणजे पुष्कळदा असं वगळत जाणंच असतं.

‘पाठमोरा ओळखू येतो का’ ही घरी करून पाहण्यासारखी चाचणी आहे. आपलं पात्र काळ्या शाईनं पूर्ण भरून टाका. डोळे, बटणं, चष्मा सगळं गेलं, नुसती सावली उरली. आता घरातल्या कुणाला विचारा, हा कोण असेल आणि काय करतोय? ‘माणूस आहे’ एवढंच उत्तर आलं तर पुन्हा बसायचं. सीमाभागातल्या भोज गावी २९ जुलै १९२५ रोजी जन्मलेल्या शि. द. फडणीसांनी बिनशब्दांच्या चित्राला मराठीत घरोघरी नेलं ते याच बळावर. खाली वाक्यच नाही म्हटल्यावर विनोदाचा सगळा भार उभं राहण्यावर, वळण्यावर, साडीच्या आणि शर्टाच्या नक्षीवर येतो.

आता आपल्या गावाकडे. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यानं व्यंगचित्राचा क्लास कुठे लावायचा, असं मला कुणी विचारलं की मी वेरूळ सांगतो. लोकांना तो विनोद वाटतो. पण तीस किलोमीटरवरच्या एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, शिव-पार्वती सारीपाट खेळताहेत आणि खालच्या पट्ट्यात बुटक्या, ढेरपोट्या गणांनी नंदीला भंडावून सोडलंय, हे एकदा समोर बसून बघा. वर देवांचा डाव, खाली पोरांचा दंगा, अशी चक्क दोन मजली चित्रपट्टी आहे ती. दहाव्या लेण्यातही गणांची अशीच रांग आहे. एकाचंही अंग दुसऱ्यासारखं वळलेलं नाही. त्यांच्या शेजारी हाडांचा सापळा झालेला शिवभक्त भृंगी आठवा, म्हणजे जाड्या-रड्याची जोडी किती जुनी आहे ते कळेल.

हे गण मजेशीर का दिसतात, याचं उत्तर मापात आहे. शिल्पशास्त्रात ‘ताल’ हे एकक आहे. ताल म्हणजे साधारण चेहऱ्याची लांबी, बारा अंगुळं. ग्रंथागणिक फरक पडतो, पण देवांच्या मूर्ती बहुधा नवतालात, गणपती पंचतालात आणि बुटके चार तालांच्या आसपास. आजची कार्टूनची पुस्तकं हेच ‘किती डोक्यांचा माणूस’ अशा भाषेत सांगतात. खरा प्रौढ माणूस साडेसात डोक्यांच्या आगेमागे भरतो. त्याला चार डोक्यांत बसवला की तो गोंडस किंवा खट्याळ होतो, आठ-नऊंत ओढला की रुबाबदार किंवा किडकिडीत. हौशी माणूस इथे फसतो. तो डोकं मोठं करतो, पण हातपाय खऱ्या मापाचे ठेवतो, आणि पात्र आजारी दिसतं. वेरूळच्या कारागिरानं डोक्याबरोबर मांडी, दंड, पंजा सगळंच आखूड आणि गुबगुबीत केलंय. अतिशयोक्ती एकट्या अवयवाची केली तर ती व्यंग वाटते. साऱ्या देहानं ती मान्य केली की तो स्वभाव वाटतो.

वेरूळ लांब वाटत असेल तर बीबी का मकबऱ्यामागच्या डोंगरात शहराची स्वतःची लेणी आहेत. त्यातल्या तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेली स्त्री-पुरुष भक्तांची गर्दी आहे, जवळजवळ खऱ्या माणसांच्या मापाची. सगळ्यांची कृती एकच, हात जोडणं. तरी प्रत्येकाच्या केसांची बांधणी वेगळी, दागिने वेगळे, मान कलण्याचा अंश वेगळा. तिथे तासभर बसा आणि चेहरे न काढता फक्त मान आणि खांदे यांतला कोन टिपा. एकच कृती दहा माणसांना देऊन दहा स्वभाव काढायचे, यापेक्षा चांगला गृहपाठ मला ठाऊक नाही.

अजिंठा मात्र घाईनं करू नये. पहिल्या लेण्याच्या छतावर टोप्या घातलेले परदेशी आहेत, पायांत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. वेशभूषेनं पात्र उभं करण्याचा तो धडाच आहे. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकातला जूजक आहे, दानशूर राजपुत्राची मुलं मागून नेणारा लोभी म्हातारा. भोवती सगळे कमनीय देह आणि मधेच याचे विचकलेले दात. चित्रकाराला हसायचं होतं आणि त्यानं ते लपवलेलं नाही. तिथल्या भिंतींवर आधी गेरूनं बाह्यरेषा, मग रंग आणि शेवटी पुन्हा पक्की रेषा, असा क्रम आहे. आपल्याकडे पेन्सिलीची कच्ची रेघ पुसून टाकायची इतकी घाई असते! १८७२पासून पुढे १८८५पर्यंत जे.जे.चे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या भिंतींच्या नकला करत होते. नक्कल करण्यात कमीपणा नाही. फक्त करताना ‘ही रेघ इथे का वळली’ हे स्वतःला विचारत राहायचं, नाहीतर ते कार्बन पेपरचं काम होतं.

मग चेहऱ्याचं काय? त्याचीही पाळी येते, पण नंतर, आणि वाटतो तितका तो अवघड नाही. जिनेव्हाचे एक शिक्षक रोडोल्फ टॉफर फावल्या वेळात चित्रकथा काढत. १८४५मध्ये त्यांनी चेहऱ्यांवर एक छोटा निबंध लिहिला. त्याचा गाभा असा, की कितीही वाईट काढलेल्या चेहऱ्यालाही कसला ना कसला भाव असतोच. एखादी रेघ हलवत जा आणि काय बदलतं ते बघ. मी याचा चौकटींचा खेळ करतो. भुवयांचे तीन प्रकार आणि ओठांचे तीन, मिळून नऊ चेहरे. नवांपैकी दोन-तीन भाव असे निघतात की त्यांना नाव देता येत नाही. ते जपून ठेवायचे, कारण खरी माणसं बहुतेक वेळ त्याच भावात असतात.

रोजच्या सरावाला महागडं काही लागत नाही. शंभर पानी वही, बॉलपेन. बॉलपेन मुद्दाम, म्हणजे खोडरबरचा मोह नाही. बसस्थानकावर रांगेतला माणूस तीस सेकंदांत हलतो, तेवढ्यात टाळूपासून टाचेपर्यंत एकच वाकडी रेघ ओढायची, मग तिच्यावर खांदे आणि कंबर. बॅग धरणारा, वाट बघून थकलेला, कंडक्टरशी भांडायला निघालेला, तिघांची ही रेघ वेगळी पडते. घरी आल्यावर वही न बघता त्यांतला एक पुन्हा काढायचा. आठवड्यातून एकदा आपलं एकच पात्र वीस वेळा काढायचं, बसलेलं, धावणारं, पाठमोरं, वरून, खालून. सातव्या-आठव्या चित्राशी कंटाळा येतो. पात्र बहुधा त्यानंतरच सैल होऊन स्वतःसारखं वागायला लागतं.

नोकरी सांभाळून हे जमतं का, असं विचारणाऱ्यांना मी वसंत सरवटे दाखवतो. पेशानं ते स्ट्रक्चरल इंजिनियर. जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ या टोपणनावानं लिहीत, आणि हा ठणठणपाळ वाचकांना दिसला तो सरवट्यांच्या रेषेतून. लेखक पडद्याआड आणि चित्रातलं पात्र मात्र सगळ्यांच्या ओळखीचं, अशी ती मजा होती. मंगेश तेंडुलकरही नोकरी करतच व्यंगचित्रं काढत राहिले.

माझ्या वहीतली माणसं अलीकडे उजवीकडेही बघायला लागली आहेत. हात मात्र अजून संधी मिळाली की खिशात शिरतात. म्हणून गेल्या आठवड्यात मकबऱ्यामागच्या तिसऱ्या लेण्यात जाऊन दोन तास नुसते जोडलेले हात काढून आणले. एकूण एकतीस झाले. त्यातले चार बरे आहेत.