आधी काय?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या वहिनींच्या घरी जायचे म्हणजे डब्यांच्या चळतींतून वाट काढावी लागते. चार वर्षांपूर्वी त्यांनी फराळ विकायला सुरुवात केली, ती केवळ आपल्या हातच्या चकलीच्या भरवशावर. पहिल्या वर्षी चकली हातोहात खपली. दुसऱ्या वर्षी उत्साह वाढला. चिवडा, लाडू, करंज्या, शंकरपाळे आणि वर अनारसेसुद्धा! रंगीत खोकी छापून आणली, ओळखीपाळखीच्यांना माल उधार दिला. या धांदलीत भाजणी घाईने भाजली गेली आणि चकली मऊ पडली. गिऱ्हाईक तोंडावर काही बोलले नाही. पुढच्या वर्षी फिरकले नाही, एवढेच. पाटल्या गहाण पडल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रात्रीचा दिवस केला हो! मग चुकले कुठे?"

मी मराठीचा मास्तर. व्यापारातले मला काय कळणार! पण मला गिरगावातली एक गच्ची आठवली. १५ मार्च १९५९ रोजी तिथे सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशीचा माल अवघी ४ पाकिटे. आरंभी त्यांनी दोन प्रतींचे पापड केले, एक उंची आणि एक स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला : प्रत एकच ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशेब चोख ठेवा. बायांनी तो मानला. पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा त्यांनी चार महिने काम चक्क बंद ठेवले. पण ओलसर पापड गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधला नाही. पुढच्या वर्षी एक खाट आणि एक शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. पाऊस कोसळेना का! पसारा वाढला तो त्यानंतर. त्याच 'लिज्जत'च्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

वाचकहो, छोट्या धंद्यात दहा कामे एकदम हाका मारतात आणि क्षुल्लक कामाचाच आवाज बहुधा मोठा असतो. अशा वेळी मनाला एकच प्रश्न विचारावा : काय बिघडले तर बाकीचे सारे फुकट जाईल? खोकी साधी असली तरी चालते. अनारसे नसले तर गिऱ्हाईक दुसरीकडून आणील. पण चकली मऊ पडली किंवा उधारी बुडाली, तर उरते काय? एक ना धड, भाराभर चिंध्या!

यंदा वहिनी फक्त चकली करतात, तीही रोखीने. लक्ष्मीपूजनासाठी नवी वही आणली आहे. परवा गेलो तर हातात एक पाटली दिसली.

"आणि दुसरी?" मी विचारले.

भाजणी परतता परतता त्या म्हणाल्या, "ती पुढच्या दिवाळीला, भाऊजी. आता बोलू नका, भाजणी करपेल."