हार्ड डिस्कची घोषित क्षमता व संगणकावर दिसणारी क्षमता : एक विवेचन

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळा, ग्रंथालय, परीक्षा विभाग व कार्यालय यांच्या नोंदी आज मोठ्या प्रमाणात संगणकीय स्वरूपात जतन केल्या जातात. त्यासाठी हार्ड डिस्कची खरेदी वारंवार करावी लागते. वेष्टनावर १ टेराबाईट असे छापलेली डिस्क संगणकास जोडली असता विंडोज प्रणालीत ती सुमारे ९३१ गिगाबाईट एवढीच दिसते. दरपत्रकात एक आकडा, पडद्यावर दुसरा आकडा. मग डेड स्टॉक नोंदवहीत कोणता आकडा लिहावा, असा प्रश्न उभा राहतो. पुरवठादाराने कमी माल दिला, अशी शंकाही घेतली जाते. प्रस्तुत लेखात या तफावतीची कारणे स्पष्ट करून खरी तूट कशी ओळखावी, याचे विवेचन केले आहे.

एकाच नावाची दोन मापे :

दशमान पद्धतीत किलो म्हणजे १०००, मेगा म्हणजे १० लाख आणि गिगा म्हणजे १०० कोटी. हार्ड डिस्कचे उत्पादक हाच अर्थ घेतात. त्यानुसार १ टेराबाईट म्हणजे १ लाख कोटी बाईट. विंडोज प्रणाली मात्र १०२४ बाईटचा एक किलोबाईट धरते. तिच्या हिशेबी १ गिगाबाईट म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाईट होतात. १ लाख कोटीला या संख्येने भागले की ९३१.३२ हे उत्तर येते. डिस्कवरील एकही बाईट कमी झालेला नसतो. केवळ मोजण्याचे माप मोठे झालेले असते.

हे माप प्रत्येक पायरीवर १.०२४ पटीने दूर जात असल्याने तफावत वाढत जाते. किलोबाईटला ती २.३ टक्के, मेगाबाईटला ४.६ टक्के, गिगाबाईटला ६.९ टक्के, तर टेराबाईटला ९.१ टक्के भरते. लहान साठवणुकीच्या काळात हा फरक कोणाच्या फारसा लक्षात येत नसे. आज तोच फरक डोळ्यांत भरतो.

गोंधळाचा उगम :

संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक स्थानाला द्विमान अंकांत पत्ता दिलेला असतो. दहा अंकी द्विमान पत्त्याने २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ स्थाने दर्शविता येतात. ही संख्या हजाराच्या जवळची असल्याने तिलाच किलो म्हणण्याचा प्रघात पडला. हार्ड डिस्कच्या रचनेत मात्र असे बंधन नाही. तिची क्षमता तबकड्या, त्यांवरील वर्तुळाकार मार्ग व त्या मार्गांचे खंड यांच्या संख्येवर अवलंबून असते. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या डिस्क यंत्रणेची क्षमताही ५० लाख अक्षरे अशी दशमान पद्धतीनेच सांगितली जात असे. फ्लॉपीच्या बाबतीत तर दोन्ही पद्धतींची सरमिसळ झाली. १.४४ मेगाबाईटच्या फ्लॉपीत १४,७४,५६० बाईट मावत. तेथे १ मेगाबाईट म्हणजे १००० गुणिले १०२४ बाईट धरले होते.

नाणेपद्धतीतील दाखला :

एकाच शब्दाला दोन मूल्ये असण्याचा अनुभव भारतीय समाजाने घेतलेला आहे. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयाचे १६ आणे, म्हणजेच ६४ पैसे होत. अधेली, पावली, चवली अशी निम्म्या-निम्म्याने उतरणारी ती पद्धत होती. दशमान नाणेपद्धती आल्यावर रुपयाचे १०० पैसे झाले. जुना व नवा पैसा यांत घोटाळा होऊ नये म्हणून नव्या नाण्यास नया पैसा असे नाव दिले गेले; जुनी नाणी मागे पडल्यावर १९६४ मध्ये नया हा शब्द वगळण्यात आला.

संगणकक्षेत्रातही हाच मार्ग सुचविला गेला. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने डिसेंबर १९९८ मध्ये १०२४ च्या पटीतील मापांसाठी किबी, मेबी, गिबी ही स्वतंत्र उपसर्गनामे मान्य केली. त्यानुसार विंडोजमध्ये दिसणारा आकडा ९३१ गिबीबाईट असा लिहावयास हवा. विंडोजने मात्र जुनेच नाव कायम ठेवले. ॲपलने २००९ मध्ये मॅक प्रणालीत दशमान मोजणी स्वीकारली. त्यामुळे तीच डिस्क तेथे १ टेराबाईट दिसते. अमेरिकेत या प्रश्नावरून ग्राहकांनी दावेही लावले. वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये व सीगेटने २००७ मध्ये तडजोड केली.

एकूण साठा व उपयुक्त साठा :

मापाच्या फरकाखेरीज दुसरेही कारण आहे. शिरपूर तालुक्यातील अनेर व करवंद या धरणांच्या संदर्भाने ते सहज समजेल. धरणाचा एकूण साठा आणि उपयुक्त साठा वेगळे असतात, कारण मृत साठा सिंचनाच्या कामी येत नाही. डिस्कवरही फायलींची सूची व जागेचा हिशेब ठेवण्यासाठी काही भाग राखून ठेवावा लागतो. संगणकासोबत आलेल्या डिस्कवर प्रणालीच्या पुनर्स्थापनेचा स्वतंत्र विभागही असतो. मात्र नव्या बाह्य डिस्कमध्ये हा वाटा अल्प असून तफावतीचा मुख्य भाग मापाचाच असतो.

खरी तूट कशी ओळखावी ? :

डिस्कच्या प्रॉपर्टीज या चौकटीत क्षमता बाईटमध्येही दिलेली असते. १ टेराबाईटच्या नव्या डिस्कसाठी ती संख्या १ लाख कोटीच्या आसपास असेल, तर माल पूर्ण आहे. याउलट, बनावट पेन ड्राईव्हमध्ये पडद्यावरचा आकडा वेष्टनाशी जुळतो, पण आत प्रत्यक्ष स्मृती फार थोडी असते. ती भरली की पुढील मजकूर नष्ट होतो. अशी फसवणूक आकडा पाहून कळत नाही. पूर्ण क्षमतेइतका मजकूर लिहून तो परत वाचून पाहावा लागतो.

निष्कर्ष :

१. पडद्यावर कमी दिसणे म्हणजे माल कमी मिळणे नव्हे, आणि आकडा पूर्ण दिसणे म्हणजे माल खरा असणेही नव्हे.

२. डेड स्टॉक नोंदवहीत वेष्टनावरील क्षमता व बाईटमधील संख्या या दोहोंची नोंद केल्यास तपासणीच्या वेळी आक्षेप उद्भवणार नाही.

३. जुन्या नोंदींची प्रत ठेवण्यासाठी डिस्क घेताना गरजेचा आकडा विंडोजमधून घेतला असेल, तर टेराबाईटच्या मापात त्याहून किमान १० टक्के अधिक घोषित क्षमतेची डिस्क घ्यावी.

४. एकक सांगितल्यावाचून आकड्यास अर्थ नाही, हे मापनाचे मूलतत्त्व विद्यार्थ्यांना पटविण्यासाठी हे उदाहरण विज्ञान व वाणिज्य या दोन्ही शाखांत उपयुक्त ठरते.